सातवा प्रश्न

कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या मुलाचा रात्री अकरा वाजता मेसेज आला. "काका, फाइल पाठवलीय. खरखर बरीच काढली. चौदाव्या मिनिटानंतर त्या ताई तुम्हाला काहीतरी विचारतात, ते आधी अजिबात कळत नव्हतं. आता स्पष्ट येतंय. ऐकून घ्या." आणि खाली एक ओळ सोडून, "तुम्ही खरंच का उठून गेला होतात?"

मला काही बोध होईना. उठून कुठे गेलो होतो मी? ही मुलाखत मला तोंडपाठ आहे, निदान इतकी वर्षं मी तसं समजत होतो. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या सहलीत, कुणी गाण्याचा विषय काढला की मी तो हुकमी पत्ता टाकतो: नववीत असताना मी बाईंची मुलाखत घेतली होती. एकट्याने. तेवीस मिनिटं. समोरचा गाणं ऐकणारा असेल तर त्याचे डोळे विस्फारतात, नसेल तर तो "हो का?" म्हणून भात कालवतो. दोन्ही मला चालतं. माझ्या आयुष्यात फुशारकी मारावी अशा गोष्टी फार नाहीत, आणि ही त्यातली सगळ्यात जुनी. बाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे गोष्टीला थोडं वजनही आलंय. कॅसेट मात्र वीसेक वर्षांत ऐकली नव्हती, कारण ऐकायला घरात यंत्रच उरलं नव्हतं. कपाट आवरताना डबी सापडली, फितीवर कडेला बुरशीचे पांढरे ठिपके दिसले आणि मी घाबरून ती त्या मुलाकडे दिली.

बाईंचं नाव इथे लिहीत नाही. त्या गेल्या, त्यांच्या तोंडी मी काही घालावं आणि ते पसरावं असं नको. शिवाय पुढे येईल त्यावरून कळेलच, त्यांच्या तोंडी नको ते घालण्याचं पाप माझ्या हातून एकदा घडलेलं आहे.

त्या वयात कुणी क्रिकेटपटूंचे फोटो वहीत चिकटवायचं, कुणी नटांचे. माझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात बाईंच्या कॅसेटचं कव्हर होतं, चार घड्यांचं. कॅसेट उघडी, कव्हर दप्तरात. हे छंद म्हणून ठीक होतं, पण वर्गात सांगण्यासारखं नव्हतं. घरी तरी कुणाला गाण्याचं वेड होतं असं नाही. मामाकडे रेडिओ होता आणि शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, एवढंच निमित्त. एका शनिवारी मामा रेडिओ बंद करायला विसरला आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या बाईंचा मालकंस ऐकला. मालकंस आहे हे शेवटी निवेदिकेने सांगितलं तेव्हा कळलं. तोवर मला एवढंच जाणवत होतं की कुणीतरी अंधारात अतिशय सावकाश, घाई न करता, एक मोठा दरवाजा उघडतंय. नंतर बाईंच्या तीन कॅसेट मिळवल्या, फिती सैल पडल्या की पेन्सिल घालून गुंडाळल्या, आणि त्यांच्या आवाजाची नक्कल न्हाणीघरात करून पाहिली. ती शेजारच्यांनी ऐकली, पण ते सोडू.

१९८९चा डिसेंबर. आमच्या शाळेच्या सभागृहात संगीत मंडळाने बाईंचं गाणं ठरवलं आणि मी स्वयंसेवक झालो. कामं वाटताना मला थर्मास मिळाला. बाई गाताना मधे मधे कोमट पाणी घेतात, तेव्हा एकाने रंगमंचावरच, तानपुऱ्यांच्या मागे, पडद्याच्या कडेला बसायचं. इतर पोरं सतरंज्या घालत होती, पावत्या फाडत होती. मी जगातल्या सर्वोत्तम जागी बसलो होतो. मांडीवर थर्मास आणि पायाशी मामाचा टेपरेकॉर्डर, तोही परवानगी न घेता आणलेला. गाणं चोरून भरायचा विचार होता. धाडस झालं नाही. लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबलं की जो खटका व्हायचा, तो मैफलीत नक्की ऐकू गेला असता.

गाणं संपलं. चिटणिसांनी स्टेशनावर फोन लावला तर गाडी अडीच तास लेट. पाहुण्यांना कुठे नेऊन बसवायचं यावर कुजबुज झाली आणि शेवटी चित्रकलेचा वर्ग उघडला गेला, कारण तिथे एक खरी खुर्ची होती. मंडळाची माणसं हिशोब आवरायला गेली, तबलजी आणि पेटीवाले जरा पाय मोकळे करायला गेले. "बाईंना काही लागलं तर बघ," असं मला सांगून चिटणीसही नाहीसे झाले. खोलीत बाई, त्यांची एक शिष्या आणि मी. भिंतीला घागर, कापड आणि तीन वांगी यांची स्थिरचित्रं टांगलेली. डिसेंबरचा गारठा, फरशी बर्फासारखी. बाईंनी पायांत पुरुषी लोकरीचे मोजे चढवले आणि गुडघ्याला बाम चोळायला घेतला. कॅसेटच्या कव्हरवरची ती उंच मान, तो हिरा, त्यातलं काही नव्हतं. माझ्या आजीएवढी एक ठेंगणी बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, औषधाच्या गोळ्या तळहातावर मोजत होती. मला वाईट वाटलं नाही, पण खरं सांगायचं तर किंचित फसवलं गेल्यासारखं वाटलं. आवाज एवढा मोठा आणि माणूस एवढंसं.

हाक काय मारावी इथपासून अडचण होती. गाण्याच्या दुनियेत त्या 'बाई'. आणि मी शाळेत, त्यातही वर्गात, जिथे 'बाई' म्हटलं की छडी आठवते. शिष्या 'ताई' म्हणत होती. मी तेवीस मिनिटं काहीच न म्हणता बोललोय, हे टेपमध्ये नीट ऐकू येतं.

मुलाखतीचं कसं सुचलं? शाळेचं हस्तलिखित निघायचं होतं आणि मराठीच्या सरांनी 'एखाद्या नामवंताची मुलाखत' असं कलम यादीत टाकलं होतं. नामवंत म्हणजे तहसीलदार, असं सगळे धरून चालले होते. मी मात्र महिनाभर आधी रफ वहीच्या शेवटच्या पानावर बाईंसाठी बारा प्रश्न लिहून ठेवले होते, भेट होईल याची सुतराम शक्यता नसताना. ते कुठून आले हे आज वाचताना लगेच कळतं. रविवारच्या पुरवण्यांतून. 'आपल्या यशाचे श्रेय आपण कोणास द्याल?' 'आपला रोजचा रियाज किती तासांचा असतो?' 'पाश्चात्य संगीताच्या आक्रमणाविषयी आपले मत काय?' 'नव्या पिढीला काय संदेश द्याल?' एकही प्रश्न माझा नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पाश्चात्य संगीताच्या आक्रमणाची काय पडलेली? पण मुलाखत म्हणजे असंच विचारायचं, हे मी धरून चाललो होतो. वही उघडून, कानाच्या पाळ्या गरम झालेल्या असताना, मी बाईंना म्हणालो की हस्तलिखितासाठी थोडे प्रश्न विचारायचे आहेत. बाईंनी शिष्येकडे पाहिलं, शिष्येने घड्याळाकडे. "विचार की," बाई म्हणाल्या. "गाडी येईस्तोवर तू तरी काय करणार?"

फाइल मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐकली, हेडफोन लावून. सुरुवातीला खटका. मग बाईंचा आवाज, "चालू झालं का हे?" आणि माझं, फुटत चाललेल्या गळ्याचं, "हो." मागे शिष्या तानपुऱ्याला गवसणी घालतेय, कापडाची खसखस, एका तारेला चुकून लागलेला हात. बाई तिला सांगतायत, "तो थर्मास ओतून टाक गं, प्रवासात सांडेल. या पोराने गच्च भरून दिला होता, अर्धासुद्धा संपला नाही." मग मी घसा खाकरून, "प्रश्न पहिला." प्रत्येक प्रश्नाआधी मी त्याचा क्रमांक म्हटलाय. प्रश्न पहिला, प्रश्न दुसरा. जबानी घेतल्यासारखं.

बाईंची उत्तरं मात्र प्रश्नांच्या लायकीपेक्षा फार चांगली आहेत. रियाज किती, तर "आता गुडघे तासभरसुद्धा बसू देत नाहीत, त्यामुळे पोळ्या लाटताना मनातल्या मनात करते." श्रेय कोणाला, तर गुरूंचं नाव झाल्यावर लगेच, "आणि आमच्या सासूबाईंना. त्यांना ऐकू येत नव्हतं." असं म्हणून स्वतःच हसल्या, आणि ते हसू गाण्यातल्या मुरकीसारखं वरून खाली घरंगळत आलं. दहावीस सेकंद मनसोक्त हसतायत. त्या हसण्यावर मी म्हणतोय, "प्रश्न तिसरा."

कॅसेट ऐकताना एक गोष्ट पूर्वी लक्षात आली नव्हती. फीत गुंडाळीत एकावर एक बसलेली असते. वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर अगदी पुसट उमटतो. त्यामुळे जुन्या टेपवर शांततेच्या जागी, माणूस बोलण्याआधी दीड-दोन सेकंद, तेच बोलणं फार दुरून ऐकू येतं. आधी भूत, मग माणूस. त्या मुलाने विचारलं होतं, ही प्रतिध्वनीसारखी भुतं काढून टाकू का म्हणून. मी राहू दे म्हणालो. शिवाय मामाच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरत चालले होते. भरताना फीत हळू फिरली म्हणजे वाजवताना तीच वेगाने जाते आणि आवाज चढतो. बाईंचा षड्ज, म्हणजे 'सा', पांढरी पाच, पेटीची पाचवी पांढरी पट्टी. सुरुवातीला त्या बोलता बोलता गुणगुणतात तेव्हा तो पेटीवर बरोबर जुळतो. शेवटच्या प्रश्नाजवळ तीच बाई जवळजवळ काळी चारमध्ये, अर्धा स्वर वर, गुणगुणते आहे. आणि मी, जो आधीच चिरका होतो, तो अगदी बाहुलीच्या खेळातला पोरगा वाटतो. तेवीस मिनिटांत दोघेही वयाने लहान होत गेलोय.

आता चौदावं मिनिट. मला जुन्या टेपवरून आठवायचं ते असं: बाहेर शिपाई सभागृहातली बाकं ओढतोय, फरशीवर करकर चाललीय, त्यात बाईंचं काहीतरी अस्पष्ट, मग माझं "पाणी आणायला", मग "प्रश्न सातवा". मी कायम समजत आलो की त्यांनी पाण्याबद्दल काही विचारलं असेल. त्या मुलाने करकर पुसून टाकली. आता आधी ते भूत येतं, विहिरीच्या तळातून यावं तसं. मग बाईंचा आवाज, बामाच्या वासाइतका जवळ.

"मारवा चालला होता तेव्हा तू उठून का गेलास?"

हेडफोन काढला. खोलीत दिवा लावला नव्हता, तो लावला. मग आठवलं, आणि आठवलं म्हणजे कुठेतरी नीट घडी करून ठेवलेलं होतं ते सगळं एकदम सुटलं.

मैफल साडेपाचला सुरू झाली होती आणि बाईंनी मारवा राग घेतला होता, संध्याकाळची ती वेळच त्याची. मारव्याबद्दल ऐकणाऱ्यांना मी काय सांगणार. पंचम, म्हणजे 'प', नाहीच, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात, 'नी'त, लावायची. पूरिया आणि सोहनी या रागांचे तेच स्वर, पण मारव्यात सगळं त्या कोमल रिषभावर ('रे') आणि धैवतावर ('ध') तोललेलं, आणि षड्जावर जायचं टाळायचं. समोर घर दिसतंय, दार उघडं आहे, आणि गाणारा उंबऱ्याशी येऊन परत फिरतोय. पुन्हा येतोय, पुन्हा परत. आज मी हे असं शब्दांत मांडतो. तेव्हा मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच झालं की बाईंनी तो रिषभ लावला, त्यावर थांबल्या, आणि सभागृहाच्या उंच खिडक्यांतून दिसणारा उजेड विझायला लागला. माझ्या पोटात खड्डा पडला.

त्या वर्षी आई दोन महिने दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात होती. मोठं ऑपरेशन. म्हणून तर मी मामाकडे होतो, म्हणून तो रेडिओ आणि तो टेपरेकॉर्डर. दिवसभर काही वाटायचं नाही; शाळा, पोरं, उनाडक्या. पण दिवेलागणीला मामी देवाजवळ निरांजन लावायची आणि दुसऱ्या घरात दुसऱ्या वासाचं निरांजन पाहिलं की मी काहीतरी कारण काढून गच्चीवर जायचो. कुणाला सांगितलं नाही. मामा-मामी माझं इतकं करत होते की सांगणं कृतघ्नपणा वाटला असता. आणि इथे, दोन-अडीचशे माणसांसमोर, चार हातांवर बसलेली ही बाई नेमकं ते गात होती. नाव न घेता, पत्ता न विचारता. घरी पोचतच नव्हती. मी थर्मास तिथेच ठेवला, पडद्यामागून वाकून बाहेर पडलो आणि मैदानातल्या नळापाशी जाऊन उभा राहिलो. नळ सोडला नाही. तहान लागली नव्हती. तिथे उभं राहून जलद लयीतलं द्रुत सुरू झाल्याचं ऐकलं, तबला चढल्याचं ऐकलं, टाळ्या ऐकल्या. आत आलो तेव्हा बाई पुढचा राग मांडत होत्या.

(आई बरी होऊन आली. पुढे खूप वर्षं जगली. तिला गाण्यातलं काही कळत नसे, आणि माझ्या कॅसेटला ती 'तुझं रडगाणं' म्हणायची.)

म्हणजे झालं असं की त्या संध्याकाळी त्या सभागृहात बाईंच्या गाण्याला जी सगळ्यात खरी दाद मिळाली असेल, ती एका पोराचं उठून जाणं ही होती. आणि बाईंनी, डोळे मिटून गात असताना, ते पाहिलं होतं. गाणाऱ्याला समोरची मान डोलताना दिसते तसं कडेचं रिकामं झालेलं आसनही दिसत असणार. दोन तास ते मनात ठेवून, बाम चोळता चोळता, त्यांनी मला विचारलं. तक्रार म्हणून नव्हे. आवाज पुन्हा पुन्हा ऐकलाय, त्यात राग नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या खोलीत तेवढा एकच प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत नव्हतं आणि हवं होतं. माझ्या बाराच्या बारा प्रश्नांत तसा एकही नाही.

त्याला मी म्हणालो, "पाणी आणायला."

मग टेपवर चार सेकंद काही नाही. मग बाई म्हणतात, "हं." मग मी, "प्रश्न सातवा. आपल्या मते शास्त्रीय संगीताचे भवितव्य काय?"

गेले काही दिवस मी दुसऱ्या एका मुलाचा विचार करतोय. टोरंटोतला जेरी लेव्हिटन. मे १९६९मध्ये बीटल्सचा जॉन लेनन आणि त्याची बायको योको ओनो तिथल्या किंग एडवर्ड हॉटेलात उतरले असताना हा चौदा वर्षांचा मुलगा त्यांच्या खोलीपर्यंत घुसला आणि त्याने टेपवर लेननची मुलाखत घेतली. त्यानंतर लगेच ते जोडपं माँट्रियलला गेलं, हॉटेलातल्या बिछान्यात बसून शांततेसाठी त्यांनी जे काही केलं ते जगाला माहीत आहे. पण त्याआधी लेननने एका शाळकरी पोरासाठी वेळ काढला. ती टेप लेव्हिटनने जपली आणि तब्बल अडतीस वर्षांनी, २००७ साली, जॉश रास्किन या दिग्दर्शकाने त्यातल्या पाचेक मिनिटांवर अ‍ॅनिमेशनपट केला. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. लेनन बोलत जातो आणि त्याच्या एकेका शब्दातून पेनाच्या रेषा फुटतात, एका चित्रातून दुसरं उगवतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला गंमत वाटली होती. आता असूया वाटते, आणि ती ऑस्करची नाही. त्या पोराला जे विचारायचं होतं, जग असं का आहे, आम्ही मुलांनी काय करायचं, ते त्याने विचारलं. उलट लेननने त्याला काही विचारलं असेल तर काय झालं, हे मला माहीत नाही; पाच मिनिटांच्या बाहेरची टेप मी ऐकलेली नाही. चौदाव्या वर्षी खोटं बोलण्याची पाळी बहुधा त्याच्यावरही कधीतरी आली असेल, असं मी स्वतःच्या समाधानासाठी धरून चालतो.

आणि आपल्याकडचा तो गदगचा मुलगा, भीमसेन जोशी, तर होताच. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून १९३३ साली अकराव्या वर्षी घरातून निघून गेलेला. ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर, आणि शेवटी १९३६मध्ये परत घराजवळच, कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांच्या दारात. ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलीय की तिच्यातला मुलगा दिसेनासा झालाय, एकदम भारतरत्नच दिसतात. पण मला हल्ली तो विनातिकीट गाडीत बसलेला, तिकीट तपासनिसाला गाणं म्हणून दाखवणारा पोरगा दिसतो. त्याच्याकडे रफ वही नव्हती. प्रश्न एकच होता, असं गायचं कसं, आणि तो विचारायला त्याने घरच सोडलं. मी नळापर्यंत गेलो. प्रत्येकाची धाव वेगळी, मान्य. पण उठून दोघेही गेलो होतो, एवढं मला माझ्या बाजूने नोंदवायचंय.

हस्तलिखिताचं सांगायचं राहिलं. मुलाखत छापून, म्हणजे एका सुंदर अक्षराच्या मुलीकडून लिहून आली. सरांनी माझा मजकूर 'थोडा सुधारला' होता. पोळ्या गेल्या, सासूबाई गेल्या. रियाजाच्या प्रश्नावर बाई म्हणतात, 'कलेच्या साधनेला काळाचे बंधन नसते.' संदेशाच्या प्रश्नावर त्या म्हणतात, 'तरुणांनी कठोर परिश्रमांची कास धरावी.' प्रत्यक्ष टेपवर त्या प्रश्नाला बाई म्हणतात, "संदेश कसला? थंडीत स्वेटर घाला म्हणावं." हे सरांनी बदललं असं मी अनेक वर्षं सांगत आलो. परवा रफ वही काढून पाहिली. कठोर परिश्रमांची कास माझ्याच अक्षरात आहे. सरांनी फक्त शुद्धलेखन तपासलं होतं. बाईंच्या तोंडी घालण्याचं पाप म्हणालो ते हे. समोर एक जिवंत, थकलेलं, विनोदी माणूस बसलं होतं आणि मी घरी येऊन त्याचा पुतळा केला, कारण मला दप्तरातलं कव्हर खरं हवं होतं. चौदाव्या मिनिटातली ओळ तर मी गाळलीच. मुलाखत देणाऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात.

मारवा मी नंतर खूप ऐकला, किंवा ऐकायचा प्रयत्न केला. अमीर खाँसाहेबांची ती रेकॉर्ड, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, माझ्या संग्रहात आहे. दरबारीची बाजू घासून पांढरी झालीय. मारव्याची बाजू नव्यासारखी चकचकीत. संथ विलंबित सुरू होतो, रिषभ येतो, आणि मला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं, कुणाला तरी फोन करायचा राहिलेला आठवतो. आई जाऊनही आता काही वर्षं झाली. याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही, मला सांगता येणार नाही. दूध मात्र खरंच ठेवलेलं असतं. बहुतेक वेळा.

तर त्या मुलाच्या मेसेजला उत्तर द्यायचं राहिलं होतं. हा मुलगा तेवीस-चोवीसचा. दिवसभर लोकांच्या कॅसेट साफ करतो. लग्नं, आजोबांची कीर्तनं, बोबडे बोल, मेलेल्या माणसांचे आवाज. कानाला जे खटकतं ते विचारायची त्याला सवय असावी, किंवा बिचाऱ्याला नुसतीच उत्सुकता. मी लिहायला घेतलं. आई दवाखान्यात होती इथपासून सुरुवात केली, चार ओळी झाल्या, वाचून पाहिल्या, पुसल्या. मग मारव्यापासून सुरुवात केली. षड्ज, उंबरा, दिवेलागण. तेही पुसलं, अनोळखी पोराला रात्री एवढं कोण लिहितं? पैसे पाठवले, आभार मानले, काम फार छान झालंय म्हणालो. आणि खाली लिहिलं, "पाणी आणायला गेलो होतो."

दोन निळ्या खुणा उमटल्या. वर 'टायपिंग' दिसायला लागलं, थांबलं, पुन्हा दिसायला लागलं.

"पण काका, सुरुवातीलाच त्या म्हणतात ना, थर्मास गच्च भरलेला होता, अर्धासुद्धा संपला नाही म्हणून?"

मी हेडफोन लावले. चौदाव्या मिनिटावर आणलं. आधी ते भूत, मग बाईंचा प्रश्न, मग माझं पाणी. मग चार सेकंद. मग ते "हं".